टेबलावर एकच डबा

माझी मुलगी म्हणते, "आई, तू अंड्यावरसुद्धा संशय घेतेस." घेते की! कोंबडीखालून काढलेलं प्रत्येक अंडं मी कानाशी धरून हलवते, पाण्यात टाकून बघते, मगच घरात आणते. आमच्या घरी आजवर कुणाच्या बशीत नासकं अंडं पडलेलं नाही. तेव्हा इव्होवर मी संशय घेतला याचं कुणी नवल वाटून घेऊ नये.

इव्हो म्हणजे आमचा जावई. जवळच्या शहरात, पोर्ट ऑगस्टाला, विजेची कामं करतो. आईबाप क्रोएशियातून आलेले, आई जेवायला बसवते ती उठूच देत नाही. माणसं वाईट नाहीत. पण हा पोरगा जरा जास्तच गोड. आला की भांडी घासतो, माझ्या कोंबड्यांची नावं पाठ करतो, "ग्लेनिस, तुम्ही बसा, मी करतो" म्हणतो. इतकं साळसूद वागणाऱ्या माणसाचं काहीतरी कुठेतरी मुरत असतं, असं माझं मत. टॅम्सिन आमची एकुलती एक, आणि जमीन, मेंढरं, घर सगळं तिचंच होणार, हे त्यालाही ठाऊक होतंच ना.

टॅम्सिन आणि तो दर शनिवार-रविवार आमच्याकडे येत. आणि एके दिवशी जेवताना इव्हो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "अल्विन, मला काडतुसं भरायला शिकवाल का?"

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

कारण अल्विनची ती शेड म्हणजे कुणीही यावं आणि टिकली मारावी असली जागा नव्हे. आमच्याकडे डोंगरापायथ्याच्या निम्म्या घरांत काडतुसं घरीच भरतात. उडालेली पितळी पुंगळी फेकायची नाही. ती साच्यात दाबून मापात आणायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, काट्यावर तोलून दारूची पावडर ओतायची, तोंडात गोळी दाबायची, की झालं काडतूस. सांगायला सोपं आहे. पण पावडर चुकली तर बंदूक हातातच फुटते, आणि तिच्या मागे गालाला गाल लावून कोण असतं? आपणच. म्हणून अल्विनचे नियम कडक. शेडमध्ये चष्म्याशिवाय जायचं नाही. फोन बाहेर, गप्पा बाहेर. छापील तक्त्यात बघितल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, आणि तक्त्यातल्या सगळ्यांत कमी मापापासून सुरुवात करायची. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो त्यानं दारावर खडूनं लिहिला होता: टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की मापाच्या नळीत उरलेली पावडर परत त्याच डब्यात ओतायची, नळी रिकामी दिसली पाहिजे. रिकामी म्हणजे रिकामी.

आमच्या नेमबाजीच्या क्लबातल्या निम्म्या लोकांना त्यानंच शिकवलेलं. माझा नवरा सरळ माणूस आहे, मेंढ्या मोजताना झोपतो आणि शर्टाची बटणं चुकवतो, पण त्या टेबलाशी बसला की त्याचा हात हलत नाही. मी आजवर त्या टेबलावरची धूळही पुसलेली नाही. लग्नानंतर लगेच त्यानं मला बजावलं होतं, "ग्लेन, सगळं घर तुझं, हे टेबल सोडून." मी म्हटलं, ठेव तुझं टेबल, मला कुठं डोक्यावर घ्यायचंय.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे कितीही दोस्ती असली तरी दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कुणी आपल्या बंदुकीत घालत नाही. भाऊ भावाचं घालत नाही. कुणी देऊ केलंच तर हसून नको म्हणायचं, आणि त्याचा राग कुणी मानत नाही. फक्त आमची टॅम्सिन बापानं भरलेलीच वापरते. लहानपणापासून. क्लबात सगळे तिला त्यावरून चिडवतात, आणि अल्विनची मान तेवढी ताठ होते.

तर, इव्होची शिकवणी सुरू झाली. दर रविवारी दोघं शेडमध्ये जात. परत आले की टॅम्सिन विचारी, "काय रे, आज काय शिकवलं बाबांनी?"

"पहिला धडा. टेबलावर एकच डबा."

पुढच्या रविवारी पुन्हा, "काय रे?"

"पहिला धडा," इव्हो म्हणाला, आणि बशीतल्या मटणाच्या पेस्टीकडे बघत बसला.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आता आम्ही मायलेकी हसायला लागलो. टॅम्सिन म्हणाली, "बाबा, तुमचा विद्यार्थी नापास झाला का हो?" अल्विन म्हणाला, "घाई कशाला? पाया पक्का हवा." मी म्हटलं, "पाया भरता भरता घर पडायचं." सगळे हसले. इव्हो हसला नाही. मला वाटलं, मठ्ठ आहे आणि वर घमेंडखोरही आहे, थट्टा सोसत नाही.

भांडी घासताना मला हळूच विचारतो कसा, "ग्लेनिस, अल्विनना हल्ली झोप नीट लागते का?"

"का? तुला कशाला पंचाईत?"

"नाही, सहजच. तेच तेच..."

"तेच तेच शिकवतात कारण तुझ्या डोक्यात शिरत नाही," मी म्हटलं आणि टॉवेल त्याच्या हातातून ओढून घेतला.

त्यानंतर अल्विनच्या तक्रारी सुरू झाल्या. एका सकाळी शेडमधून तणतणत आला. "माझा टॉर्च कुणी हलवला?" मग एकदा, "साच्याचा डबा कुणी उघडा ठेवला?" मग एका सोमवारी तो दारात उभा राहिला, चेहरा पांढरा पडलेला. "ग्लेन, मापाची नळी अर्धी भरलेली आहे. मी नळी कधी भरलेली ठेवली आहे का? सांग."

"कधीच नाही."

"मग कुणी ठेवली?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. रविवारी त्या शेडमध्ये आणखी होतं कोण?

"नळीतली पावडर कुठली आहे तेच कळायला मार्ग नाही," अल्विन म्हणाला. "टाकून देतो." आणि बागेत नेऊन त्यानं ती मातीत ओतली. ते बरोबरच केलं त्यानं. पण माझा संताप डोक्यात गेला. या माणसाचा उभा जन्म नीटनेटकेपणात गेला आणि हा काल आलेला पोरगा त्याच्या टेबलाशी असले उद्योग करतो!

मी त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून बसले. आणि बसलेल्या माणसाला दिसतंच. पुढच्या रविवारी अल्विन मेंढरांना पाणी सुटलंय का बघायला गेला होता, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, तर इव्हो शेडमधून बाहेर येतोय. हातात काहीतरी फडक्यात गुंडाळलेलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ते त्यानं आपल्या पिकअपच्या सीटखाली सरकवलं.

मी बाहेर गेले. "काय नेतोस रे?"

तो दचकला. दचकला म्हणजे चांगलाच. "थोडी काडतुसं. टॅम्सिनच्या खोक्यातली. मला ती तोलून बघायची आहेत, माझ्या घरच्या काट्यावर."

"अल्विननं भरलेली? तू तोलणार?"

"ग्लेनिस, माझं जरा ऐकून घ्या ना, मला वाटतं..."

"तुला जे वाटतं ते तुझ्याजवळ ठेव. पहिला धडा पास झालास की मग ये वाटायला."

त्यानं पिकअपचं दार लावलं आणि गेला. मी अल्विनला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्याला माझी शेड हवी आहे, ग्लेन. मला बाजूला सारायचंय त्याला." आणि शेडची किल्ली त्यानं दोरीत ओवून गळ्यात घातली. किल्ली गळ्यात घालून तो झोपायला गेला तेव्हा मला इतकं वाईट वाटलं की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मग आली क्लबाची कपाची स्पर्धा. वर्षातून एकदा, शनिवारी. टॅम्सिन दोनदा हरली होती आणि या वेळी कप आणायचाच म्हणून हट्टाला पेटलेली. शुक्रवारी संध्याकाळी दोघं आली. अल्विननं तिच्या हाती काडतुसांचं नवं खोकं दिलं. "घे. यांनी आणशील."

तिनं खोकं छातीशी धरलं, बापाच्या टकलाचा मुका घेतला. आणि इव्हो, सगळ्यांसमोर, म्हणाला, "टॅम्स, उद्या दुकानातली काडतुसं वापर."

टॅम्सिननं खोकं आणखी घट्ट धरलं.

"का?" टॅम्सिन म्हणाली.

"मी नेली होती त्यांची वजनं जुळत नाहीत. काही जड आहेत, काही हलकी. मी दोनदा बघितलं."

"तू? तू बघितलंस? ज्याला अजून पहिल्या धड्याच्या पुढे जाता येत नाही तो बाबांची काडतुसं तपासणार?"

"माझ्यावर हस हवं तेवढं. पण ती वापरू नकोस."

अल्विन उठला. "पोरा," तो म्हणाला, "माझ्या टेबलाशी कोण लुडबुड करतं ते मला ठाऊक आहे. तुझ्या बायकोच्या हातात जे जातं ते मी भरलेलं असतं, आणि मी भरलेलं म्हणजे मी भरलेलं." आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे जास्तच लागलं. इव्होनं मान खाली घातली. मला आत कुठंतरी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

रात्री अंथरुणात माझ्या डोक्यात एकच चक्र. वजनं जुळत नाहीत म्हणतो. का नाही जुळणार? यानंच काहीतरी कालवलं असणार, आणि आता साळसूदपणे आपणच दाखवतोय, म्हणजे अल्विन नालायक ठरला आणि हा शहाणा. इव्होला लवकर उठायची सवय होती. उद्या पहाटे तो पुन्हा शेडकडे जाणार, किल्ली नसली तरी विजेचं काम करणाऱ्याला कुलूप किती अवघड? म्हटलं, रंगेहाथ धरते.

उजाडायच्या आत मी अंड्यांची टोपली घेऊन कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन उभी राहिले. तिथून शेडची खिडकी सरळ दिसते. थोड्या वेळानं घरातून टॅम्सिन आणि इव्हो बाहेर आले. तिची नेमबाजीच्या मैदानावर झेंडे लावायची पाळी होती, म्हणून दोघं लवकर निघाले. बंदुकीची पेटी ठेवली, खोकं ठेवलं, पिकअप गेली धूळ उडवत. मी हात चोळत राहिले. चोर गेला. मग खुराडं साफ करून दाणापाणी करेपर्यंत चांगलं उजाडलं.

आणि शेडमध्ये दिवा लागला.

कोण? मी दबकत खिडकीपाशी गेले, मनात सगळ्या शिव्या तयार.

आत अल्विन होता. पायजमा, डोक्यावर उन्हाळी टोपी, डोळ्यांवर चष्मा नाही. टेबलावर लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीनं उभ्या. आणि टेबलावर दोन डबे. दोन्ही उघडे.

मी कधी टेबलाला हात लावला नसला तरी ते डबे मला ओळखू येतात. मोठा निळा, लांब पल्ल्याच्या नेमाचा, त्यातली पावडर सावकाश जळते आणि भरपूर घालावी लागते. छोटा लाल, सशांसाठी, त्यातली भसकन जळते आणि चिमूटभर पुरते. लाल डब्यातली निळ्याच्या मापानं घातली, की काडतूस नाही, बॉम्ब होतो. हे अल्विननंच मला सांगितलं होतं, लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात, मला घाबरवायला.

त्यानं लाल डबा उचलला आणि नळीत ओतला. मग थांबला. दाराकडे बघितलं. पुन्हा टेबलाकडे वळला, आणि निळा डबा उचलून त्यावर ओतला. मग टॉर्च शोधायला लागला. टॉर्च त्याच्या काखेत होता.

माझ्या हातातली टोपली कधी पडली मला कळलं नाही. मी दार ढकललं. "अल्विन! काय करतोयस?"

तो वळला. इतका गोड हसला. "अगं, टॅम्सिनची काडतुसं भरतोय. आज कप आहे ना. आणि हे बघ," त्यानं डब्यांकडे बोट दाखवलं, "दोन डबे! पुन्हा येऊन गेलाय तो. आता तरी पटलं ना तुला?"

"अल्विन, तू तिला काल खोकं दिलंस."

"कुठलं खोकं? मी अजून भरलीच नाहीत."

टॉर्च. उघडा साचा. अर्धी नळी. एक, दोन, तीन रविवार पहिलाच धडा, आणि आम्ही मायलेकी पेस्टी खात हसत होतो. त्या पोराला आधी कळलं होतं. मी त्याला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

"चल," मी म्हटलं. "गाडीत बस."

"कपडे तरी..."

"कोट घाल वरून. बस!"

मैदानाजवळ फोन लागत नाही. मी अशी गाडी हाकली की अल्विननं दोन्ही हातांनी सीट धरली. वाटेत तो म्हणाला, "ग्लेन, काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, उशीर झालाय." एकीकडे टॅम्सिनचा चेहरा दिसत होता, बंदुकीला गाल लावलेला. आणि दुसरीकडे शेजारी बसलेला हा. सगळा क्लब जमलेला असणार. ज्यांना यानं शिकवलं ते सगळे. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते? की अल्विनला आता काल आठवत नाही?

मैदानावर लाल झेंडा वर होता, म्हणजे गोळीबार सुरू. मी गाडी दारातच सोडली.

इव्हो खोकं पोटाशी कवटाळून उभा होता, आणि टॅम्सिन त्याच्यावर ओरडत होती. मध्ये आमचा कप्तान गार्थ हात पसरून. "अरे, घरची भांडणं घरी करा," तो म्हणत होता.

"ठेव तुझ्याजवळ खोकं!" टॅम्सिन म्हणाली. "माझ्या खिशात एक आहे. तेवढं पुरे नेम जुळवायला." आणि ती चटईवर पालथी पडली. बंदूक खांद्याला. खिशातलं काडतूस आत. मागचा दांडा पुढे सरकवून बंद.

"थांबा!" मी ओरडले. "सगळे थांबा! गोळीबार बंद!"

आमच्याकडे हा शब्द कुणीही उच्चारला तरी सगळ्यांनी थांबायचं असतं, मग तो कप्तान असो की चहा करणारी बाई. सगळी रांग थांबली. टॅम्सिनचं बोट घोड्यावरून बाजूला झालं. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर नुसता संताप. "आई, आता तूसुद्धा?"

"दांडा मागे ओढ. काढ ते बाहेर. टॅम्सिन, काढ म्हणते ना!"

तिनं काढलं. गार्थनं ते हातात घेतलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता क्लबघरात गेला. तिथे गोळी उपटायचं हातोडीसारखं हत्यार असतं. काडतूस त्यात अडकवायचं, लाकडावर आपटायचं. गार्थनं आपटलं. गोळी सुटली. त्यानं पावडर चहाच्या बशीत ओतली.

निळ्या डब्यातली पावडर म्हणजे करडे, आखूड तुकडे, शिसपेन्सिलीच्या टोकासारखे. बशीत ते नव्हते. बशीत होत्या बारीक चपट्या टिकल्या, लाल डब्यातल्या, पुंगळी काठोकाठ भरेल इतक्या.

टॅम्सिननं आपल्या गालाला हात लावला, जिथे बंदूक टेकली होती तिथे. तिचा रंग उडाला. मग सगळ्यांचे डोळे हळूहळू अल्विनकडे गेले. तो दारात उभा होता, पायजमा आणि कोट. बशीकडे बघत होता. त्याला कळत होतं ती कुठली पावडर आहे. ते त्याला अजूनही कळत होतं.

"अल्विन," गार्थ हलक्या आवाजात म्हणाला, "ही..."

"मी केलं," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले.

"मी शेड झाडायला गेले होते. डबे सांडले, मी भरून ठेवले. कुठलं कशात गेलं मला काय कळतंय? आज सकाळी लक्षात आलं आणि धावत आले. झालं? आता मारा मला."

इव्होनं माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. त्यानं एक अक्षर काढलं नाही, उलट पोटाशी धरलेलं खोकं गार्थच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ही सगळी उपटून टाकू या. मी मदत करतो." त्या क्षणी मला त्याचे पाय धरावेसे वाटले, देवाशपथ.

अल्विनचा चेहरा लालबुंद झाला. "तू? माझ्या टेबलाला हात लावलास?" तो ओरडला. सगळ्या क्लबासमोर. "किती वर्षं सांगतोय! एक गोष्ट, ग्लेनिस, घरातली एकच गोष्ट मी माझ्यासाठी मागितली होती! माझी मुलगी गेली असती! अक्कल गहाण ठेवलीस का?"

"हो," मी म्हणाले. "ठेवली."

"आंधळी आहेस का तू?"

"हो रे बाबा. चुकलं."

बायका खाली बघत होत्या. गार्थच्या बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात सगळ्या क्लबाच्या वतीनं मला मूर्ख म्हणत होता. म्हणू देत. अल्विन ओरडत होता तेव्हा त्याचा आवाज जुन्या दिवसांचा होता, ठणठणीत, आणि कुणीही त्याच्याकडे मघासारखं बघत नव्हतं. टॅम्सिनला मी डोळ्यांनी खुणावलं, बोलू नकोस. तिनं इव्होच्या खांद्यावर डोकं ठेवलं. कप त्या दिवशी दुसऱ्याच कुणी नेला.

परत येताना गाडी मीच चालवली. अल्विन शेजारी, नजर रस्त्यावर. मला वाटलं, अजून रागावलाय. आमच्या फाटकाशी मी थांबले. शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं ही इथली रीत आहे, आणि आजवर ते काम माझं होतं, कारण गाडी नेहमी तो चालवायचा. तो उतरला. फाटक उघडलं. मी गाडी आत घेतली. त्यानं फाटक लावलं, साखळी घातली, मग साखळी पुन्हा हलवून बघितली. पण गाडीत बसायला आला नाही. माझ्या बाजूला आला आणि खिडकीवर हात ठेवून उभा राहिला.

"ग्लेन," तो म्हणाला. "त्या शेडमधला दिवा कुठं लागतो?"

"म्हणजे?"

"बटण. कुठं आहे?"

मी आठवायला लागले. दाराच्या डावीकडे? उजवीकडे? मला खरंच माहीत नव्हतं.

"तू आत कधी गेलीच नाहीस," तो म्हणाला. "झाडायला नाही आणि कशाला नाही."

त्यानं कोटाच्या आत हात घातला, गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि किल्ली माझ्या मांडीवर ठेवली.

"पोराला दे. आणि त्याला सांग, सगळ्यांत आधी, टेबलावर एकच डबा."

"तो धडा झालाय त्याचा, अल्विन."

"हो?" त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. भ्याला होता तो. लग्नाच्या दिवशीही मी त्याला इतका भ्यालेला बघितला नव्हता. "कितीदा शिकवला मी?"

"एकदाच," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली. मग वळसा घालून आला, दार उघडून शेजारी बसला, आणि आम्ही घरी आलो.